सीताबर्डीत घेतलेलं दगड पाहायचं भिंग

नववीला भूगोल शिकवते, म्हणून तीन महिन्यांपूर्वी नागपुरातल्या सीताबर्डीच्या एका दुकानातून ३५० रुपयांचं घडीचं भिंग घेतलं. डब्यावर '३० पट' छापलंय. ते खोटं आहे. शाळेतल्या चांगल्या दहापट भिंगाशेजारी धरलं तर दोन्हीत सारखंच दिसतं. दुकानदाराने परत घ्यायला साफ नकार दिला, याचा मला रागच आला.

पण काच स्वच्छ आहे आणि दगडासाठी दहापट पुरते. पहिल्याच रविवारी मुलींना अमरावती रोडच्या बाजूला नेलं. भिंग डोळ्याला अगदी चिकटवायचं आणि दगड हळूहळू जवळ आणायचा, हे शिकवायलाच अर्धा तास गेला. मग काळ्या बेसाल्टमधल्या वाटाण्याएवढ्या पोकळीत पांढऱ्या सुयांचा झुबका दिसला आणि सगळ्या गप्प झाल्या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यात नंतर वाढलेलं ते झिओलाइट नावाचं खनिज!

नागपूर तर अशा कामासाठी सोन्यासारखं गाव आहे. पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना नाइस हा पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक, आणि जवळच्या मनसरला मँगनीज. ज्यांच्या नावाचं आपलं कॉलेज आहे त्या मिशनरी हिस्लॉप यांना इथल्याच टाकळीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले शंख सापडले होते. आपल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही.

बिजागरी मात्र सैल झालीय, दोरी बांधूनच वापरा. घ्याच, पण आकडा बघून जास्त पैसे देऊ नका.