दुबईच्या तबेल्यातली नोकरी आणि माझे १,१८,००० रुपये

२२ वर्षं घोड्यांत गेली. पुण्याच्या रेसकोर्सवर सायस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, म्हणून लागलो, मग एका फार्मवर कोरी, अजून न शिकवलेली शिंगरं फिरवायला लागलो, पुढे ट्रेनर झालो. गेल्या वर्षी मालकाने घोडे विकले. आमच्या कामात नोकरी गेली की छप्परही जातं. मध्यरात्री एखादा घोडा पोटदुखीने लोळायला लागला तर पाच मिनिटांत माणूस पोचायला हवा, म्हणून आमची खोली तबेल्याला लागूनच असते. त्यामुळे मला राहण्या-जेवणासकटचंच काम हवं होतं आणि तेही लवकर.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो. तापीच्या काठी काठेवाडी, मारवाडी घोड्यांच्या रांगा, आणि मी विकत काही घ्यायला नाही, तर भेटेल त्या व्यापाऱ्याला आपला नंबर द्यायला. आठवड्याभराने फोन आला. "दादा, यात्रेत तुमचं नाव ऐकलं." या एका वाक्यावर मी निम्मा विकला गेलो.

दुबईजवळ एंड्युरन्सचा तबेला, ४० घोडे, महिना ७५,००० रुपये, खोली, जेवण, तिकीट. एंड्युरन्स म्हणजे वाळवंटातली लांब पल्ल्याची शर्यत, मोठी असेल तर १६० किलोमीटरची. तिकडच्या तबेल्यांत आपले बरेच सायस आहेत, म्हणून मला त्यात खोटं काही वाटलं नाही. त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर तबेल्याचा व्हिडिओ पाठवला. त्यात एक सफेद घोडा उभा होता, पुढचा डावा पाय जरा पुढे टाकून. धडधाकट घोडा मागचा पाय ढिला सोडून उभा राहतो. पुढचा असा टाकला तर समजायचं, दुखतंय. मी लगेच लिहिलं, "साहेब, त्या सफेदचा डावा पाय बघून घ्या." उत्तर आलं, "घोड्याचं सोडा, पासपोर्टचा फोटो पाठवा."

तिथेच थांबायला हवं होतं. ज्याचा घोडा असतो तो असं बोलत नाही. आजवरच्या प्रत्येक मालकाने मला आधी विचारलं होतं, कुठले घोडे फिरवलेस, किती वेळा पडलास, चावऱ्याला कसं धरतोस. यांनी शेवटपर्यंत घोड्याचं नाव काढलं नाही.

नोंदणीचे ५,५०० दिले. मेडिकलचे १२,५००. मग व्हिसाचं डिपॉझिट, परत मिळणारं, ६५,०००. त्यासाठी बायकोची माळ गहाण टाकली. ती म्हणाली, "अहो, कंपनी आहे तर पैसे कुणा बाईच्या खात्यात का मागतात?" मी तिच्यावरच खेकसलो. शेवटी तिकिटाचे ३५,०००, जे मुळात तेच देणार होते.

माझं शिक्षण आठवी, म्हणून पासपोर्ट ईसीआर. असा पासपोर्ट असला की अमिरातीसह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची एमिग्रेशन मंजुरी लागते. मी विचारलं, तर म्हणाले, "व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ." हे तर आणखी घातक. व्हिसा खरा असता तर मी तिकडे बेकायदेशीर कामगार म्हणून अडकलो असतो. तालुक्याच्या ट्रॅव्हल्सवाल्या पोराने अमिरातीच्या सरकारी साइटवर त्यांनी दिलेल्या व्हिसाचा नंबर टाकून पाहिला. असा व्हिसाच नव्हता. त्या संध्याकाळपासून फोन बंद.

लाजेपायी मी अकरा दिवस कुणाला बोललो नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे काढून झाले होते. पहिल्या तासाभरात केला असता तर खातं गोठवता आलं असतं, असं सायबरच्या हवालदारांनी सांगितलं. परवानाधारक एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर असते आणि एजंटाला कामगाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाहीत, हे सगळं मला नंतर कळलं. हे बघायला मोबाईल पुरतो, आणि तो माझ्या खिशातच होता.

आता साताऱ्याकडे एका रायडिंग स्कूलमध्ये आहे. पगार कमी आहे, खोली पत्र्याची आहे, पण मालकाने पहिल्या दिवशी एका अडेल घोडीवर बसवून पाहिलं. माळ अजून सुटलेली नाही.

मागच्या महिन्यात भाच्याने एक जाहिरात पाठवली. "मामा, तुमच्यासारखं काम आहे, कतारला." सोबत व्हिडिओ होता. तोच सफेद घोडा, डावा पाय तसाच पुढे.