टँकर वेळेवर येतो. पाणी कुणाचे, ते बिलात नसते

वाघोलीतील आमच्या १२० सदनिकांच्या सोसायटीला गेली तीन वर्षे एकच पुरवठादार टँकरने पाणी देत आहे. कार्यकारिणीत पाण्याचे काम माझ्याकडे असल्याने या सेवेविषयी अनुभवाने लिहीत आहे. पुरवठादाराचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार त्याच्यापुरती नाही.

वक्तशीरपणात खोट काढायला जागा नाही. पहाटे साडेपाचला पहिला टँकर फाटकाशी उभा असतो. चालक स्वतः पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो आणि टाकी भरत आली की वॉचमनला हाक मारतो. माणशी १३५ लिटरच्या निकषाने, घरटी चार माणसे धरली, तर आम्हाला दिवसाला सुमारे ६५,००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे सहा-सात टँकर लागतात, आणि भर मे महिन्यातही एक दिवस कोरडा गेलेला नाही. मापाबाबत मात्र सावध राहावे. टाकीत पट्टी लावून मोजले तेव्हा दहा हजारांचा म्हणून आलेला टँकर साडेनऊ हजारांचा भरला. तक्रार करताच गाडी बदलून मिळाली, हेही नोंदवले पाहिजे.

पाण्याचा दर्जा ऋतूप्रमाणे बदलतो. आमच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणाऱ्या यंत्रावर, डिसेंबरात ४८० दिसणारा आकडा मे महिन्यात ९०० च्या पुढे जातो आणि नळांच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात. भारतीय मानकात ५०० ही अपेक्षित मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत सूट आहे, त्यामुळे नियमावर बोट ठेवून भांडता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात पुरवठादाराची जुनी बोअरवेल आटली आणि टँकर आणखी लांबून येऊ लागला, तेव्हा दरही वाढला.

त्या दरवाढीचा तपशील मागितला असता डिझेल, चालकाचा पगार, मोटारीची वीज असे सगळे निघाले. पाण्याची किंमत कुठेच नव्हती. “साहेब, पाण्याचे पैसे आम्ही लावतच नाही, ते आमच्या जमिनीतलं आहे,” असे तो सहज म्हणाला, आणि त्यात तो खोटे बोलत नव्हता. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या जमिनीखालचे पाणी उपसण्याचा हक्क मानला आहे. तो कायदा झाला तेव्हा मोट होती, सबमर्सिबल पंप नव्हता. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते, त्याला सातबारा ठाऊक नसतो. त्यामुळे एकाच्या उपशाने शेजाऱ्याची विहीर उतरते, आणि त्या शेजाऱ्याचे नाव आमच्या बिलात कधीच येत नाही.

२०१२च्या राष्ट्रीय जलनीतीने भूजल ही समाजाची सामायिक संपत्ती मानून शासनाने तिचे विश्वस्त व्हावे आणि १८८२च्या कायद्यात त्यानुसार बदल करावा, असे म्हटले होते. परंतु नीती बंधनकारक नसते, पाणी हा राज्यसूचीतला विषय आहे, आणि २०१९ मध्ये जलतज्ज्ञ मिहिर शहा यांच्या अध्यक्षतेखाली नव्या नीतीच्या मसुद्यासाठी समिती नेमली गेली तरी तो जुना हक्क जागच्या जागी आहे. महाराष्ट्राने २००९ मध्ये स्वतंत्र भूजल कायदा केला, हे चांगलेच झाले. पण जगात सर्वाधिक भूजल उपसणाऱ्या देशात हा प्रश्न एकेका राज्याच्या मर्जीवर सोडणे मला पटत नाही. निदान विक्रीसाठी होणाऱ्या उपशाला मीटर आणि जाहीर नोंद ही अट देशभर सारखी असावी, आणि तिला नीतीचे नव्हे तर कायद्याचे बळ असावे.

सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण मापासाठी कापला, एक क्षारांसाठी. करार पुढे चालू ठेवताना बोअरवेलवर मीटर बसवून दरमहा उपशाचा आकडा बिलावर लिहावा, अशी अट आम्ही घातली. त्याने ती मान्य केली, पण सही करताना म्हणाला, “लिहीन की, आजवर कुणी मागितलाच नव्हता.”