आंडेर–युफ पोस्ट बस: भारमानात न बसणारी गाडी

सारी नोकरी एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून झाली, तीही महाड-पोलादपूरच्या घाटांत. त्यामुळे परदेशात गेलो तरी माझी नजर आधी गाडीवर जाते, डोंगरावर नंतर. मुलगी-जावई झुरिकला असतात. आपल्याकडच्या यात्रा कंपन्या दाखवतात ते तितलिस आणि युंगफ्राउ बघून झालं, तेव्हा जावयांना म्हटलं, आता एखादी शेवटच्या गावाला जाणारी लाइनची गाडी दाखवा. त्यांनी ही शोधून काढली.

झुरिकहून रेल्वेने कूर, पुढे तूसिसमार्गे आंडेर, आणि तिथून पोस्टाची पिवळी बस थेट युफपर्यंत. आंडेर हजार मीटरच्या जरा खाली, युफ २१२६ मीटरवर. म्हणजे तासाभरात गाडी अकराशे मीटरहून जास्त चढते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून जेवढं उंच, त्याहून थोडाच कमी चढ असलेला हा नुसता घाट! कंडक्टर नाही. तिकीट, दार, सामान सगळं ड्रायव्हरच बघतो, आणि तरी वेळ चुकत नाही. रस्ता अरुंद, वळणं आंधळी. अशा डोंगरी पोस्टरस्त्यांवर पिवळ्या भोंग्याचं चित्र असलेला फलक असतो. तिथे समोरासमोर गाड्या आल्या की कोणी मागे घ्यायची, हे पोस्ट बसचा ड्रायव्हर सांगेल तसं इतरांनी ऐकायचं, असा नियमच आहे. आमच्या वरंध घाटात हा नियम असता तर माझे किती वाद वाचले असते! वळणाआधी तीन सुरांचा भोंगा वाजतो तोही कानाला गोड लागतो.

या रस्त्याची खरी गंमत खिडकीतून कळते. खालच्या फेरेरा भागात गावं दाटीवाटीची, घराला घर लागलेलं. हा जुना रोमान्श भाषेचा मुलूख. फेरेरा या नावातच लोखंड आहे, इथे पूर्वी लोखंडाचं खनिज काढून वितळवत असत. तिथून वर, आफर्सच्या खोऱ्यात गाडी शिरली की घरं एकदम विखुरतात. इथे एक, पुढच्या वळणावर दोन, मग नुसतं कुरण. कोकणातल्या वाड्या मी आयुष्यभर पाहिल्या, पण इथे कारण वेगळं. हे लोक वाल्सर. मूळचे पश्चिमेकडच्या वालिसमधले, जर्मन बोलणारे. आफर्समध्ये त्यांचा उल्लेख १२९२ सालापासून सापडतो. खालच्या चांगल्या जमिनी आधीच भरलेल्या होत्या, तेव्हा जिथे धान्य पिकत नाही अशा उंचीवर ते गुरं घेऊन बसले. जमिनीचा खंड भरायचा, लढाईला माणूस द्यायचा, आणि बदल्यात कूळहक्क वंशपरंपरेने आपला. गवत हेच पीक असल्यामुळे प्रत्येकाने आपल्या कुरणाच्या मधोमध घर बांधलं. गाव असं एका जागी जमलंच नाही. क्रेस्टा, युप्पा, युफ ही सगळी वस्त्यांची नावं, मिळून गाव आफर्स. पांढरं चर्च क्रेस्टाला, तेही वस्तीपासून जरा सुटं, उंचवट्यावर.

क्रेस्टाच्या पुढे रस्त्यालगत १६६४ सालचं एक भरभक्कम घर दिसतं. जावई म्हणाले, पोदेस्ताचं घर. ग्राउब्युंडेनच्या, म्हणजे याच मुलखातल्या, तीन संघांचं राज्य १५१२ पासून १७९७ पर्यंत आल्प्सपलीकडच्या वाल्तेल्लिनावर होतं, तिथे कारभारी पाठवत त्याला पोदेस्ता म्हणत. इतक्या वर राहणारा शेतकरी इटलीकडच्या मुलखात जाऊन न्यायनिवाडा करी, हे मला भारी वाटलं. पण तेव्हा यांचं दळणवळण होतं ते खिंडींतूनच. खालून गाडीरस्ता आला तो १८९५ साली. आत्ताचा रुंद रस्ता वीजप्रकल्पाच्या काळातला. जवळच्या वाल्ले दी लेई धरणाचा मामला तर ऐकण्यासारखा आहे. पाणी इटलीत आणि धरणाची भिंत स्वित्झर्लंडमध्ये यावी म्हणून दोन देशांनी जमिनीची अदलाबदल केली!

युफला झाड नाही. एकही नाही. वृक्षरेषा मागेच सुटलेली. मग सात-आठ महिन्यांच्या थंडीत जाळायचं काय? मेंढ्यांच्या लेंड्या. गोठ्यात थरावर थर तुडवले जायचे, ते चौकोनी कापून भिंतीला लावून वाळवायचे. आमच्या सौ.ना हे सांगितल्यावर त्या लगेच, ‘म्हणजे गोवऱ्याच की हो!’ त्याआधी वळणांनी त्या जेरीला आल्या होत्या, आलेपाक उपयोगी पडला. सोबत ठेवाच.

आम्ही गेलो ते ऑगस्टच्या अखेरीस. चढावर गवत कापून पसरलेलं होतं, घरातली सगळी माणसं दाताळ्यांनी ते ओढून रांगा लावत होती. मधल्या एका थांब्यावर दप्तरं लावलेली पोरं चढली. ती एकेक करून उतरली, म्हणजे अक्षरशः एका घरासमोर एक. ड्रायव्हर प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. शेवटी युफला उतरणारे आम्ही, चार-दोन पाठपिशवीवाले आणि एक आजी.

आता माझा व्यवसायाचा प्रश्न. युफची वस्ती तीसच्या आसपास. वर्षभर माणसं राहणारं युरोपातलं सर्वांत उंच गाव म्हणून त्याचं नाव घेतलं जातं, हे ठीक, पण नुसत्या नावावर भारमान, म्हणजे गाडीत भरलेल्या जागांचं प्रमाण, येत नाही. आमच्याकडे असला मार्ग तिमाही आढाव्यात पहिला लाल शाईत गेला असता. इथे तोटा केंद्र सरकार आणि कँटन (म्हणजे तिथलं राज्य) आधीच मान्य करून भरतात आणि फेरी बर्फातही चालवतात. आमच्याकडे आठशे मीटर उंचीवरच्या वस्तीची मुक्कामी गाडी बंद केल्यावर तिथली शाळकरी पोरं तालुक्याला भाड्याच्या खोलीत गेलेली मी पाहिली आहेत. युफची पोरं अजून घरी झोपतात.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला कारण फेऱ्या मोजक्या आहेत, एक चुकली की बराच वेळ थंड वाऱ्यात काढावा लागतो. परतीची शेवटची गाडी चढण्याआधीच वेळापत्रकात बघून घ्या. पाय चांगले असतील तर युफहून श्टालरबेर्ग खिंड (२५८१ मीटर) ओलांडून बिव्हिओला चालत उतरता येतं, साडेतीन-चार तास धरा, तिथेही पोस्ट बस मिळते. स्विस ट्रॅव्हल पास या गाडीला चालतो, वेगळं तिकीट नको. बसायचं तर जाताना ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरा.