खुर्च्या चकचकीत, गळती जुनीच: इंदूरमधल्या एका गॅलरी-नूतनीकरण सेवेबद्दल

काम इंदूरमधल्या एका जुन्या क्रीडासंकुलातल्या प्रेक्षक-गॅलरीचं. तडे भरणं, जलरोधक थर, बकेट सीट आणि एलईडी दिवे, सगळं एकाच ठेकेदाराकडे. आमच्याकडून ५ पैकी २.५ गुण, तेही बहुतेक दिव्यांमुळे.

तपासणी फक्त रिबाउंड हॅमरने उरकली. हॅमरला काँक्रीटच्या वरच्या थराचा कडकपणा कळतो, आतली सळई गंजली आहे का ते कळत नाही. शिवाय कार्बोनेशन झालेलं, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे क्षारता गमावलेलं, जुनं काँक्रीट वरून जास्तच कडक होतं, त्यामुळे आकडा फसवा चांगला येतो. छिन्नीने तुकडा पाडून ताज्या भागावर फिनॉल्फ्थेलिन फवारायला हवं होतं. गुलाबी रंग आला तर काँक्रीट निरोगी. सळईपर्यंत रंगच चढला नाही, तर तिचं संरक्षण गेलं. चाचणी स्वस्त आहे, निविदेत लिहूनच टाका.

दुरुस्तीतही तोच उरक. सळईच्या मागे साधारण २० मिमी खोदायचं, धातू उजळ दिसेपर्यंत गंज घासायचा, झिंक प्रायमर लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर भरायचं. इथे सुटलेला पापुद्रा काढून थेट मॉर्टर थापलं. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. तो आत राहिला की नवं मॉर्टरही ढकलून पाडतो.

सगळ्यात मोठी चूक क्रमाची. आधी पायऱ्यांवर दीड मिमी पॉलियुरेथेनचा जलरोधक थर दिला आणि मग त्यातूनच सीटसाठी भोकं पाडली. एका सीटला चार बोल्ट धरले तर हजार सीटना चार हजार भोकं! जुन्या गॅलरीत ब्रॅकेट पायरीच्या उभ्या भागावर बसवावेत. तिथे पाणी साचत नाही, झाडूही सरळ फिरतो. एम१० केमिकल अँकरला (रसायनाने चिकटवायचा १० मिमी बोल्ट) १२ मिमी व्यासाचं, सुमारे ९० मिमी खोल भोक लागतं. ते ब्रशने घासून फुंकणीने साफ केलं नाही, तर रसायन काँक्रीटऐवजी धुळीला चिकटतं आणि सीट हलू लागते.

काँक्रीटच्या तुकड्यांमधल्या सांध्यांकडे तर पाहवत नाही. ३० मीटर लांबीचं काँक्रीट ३५ अंशांच्या फरकाने साधारण १० मिमी लांबतं-आखडतं. माळव्यातली काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पायाही हलतो. अशा सांध्यात सिमेंट भरणं म्हणजे तो मुद्दाम फोडणं. फोमची दोरी आत दाबून वर पॉलिसल्फाइड सीलंट भरायचं, खोली रुंदीच्या निम्मी.

पायऱ्या ७५ सेंमी रुंदीच्या, त्यावर न दुमडणाऱ्या सीट बसवल्यामुळे पुढून जायला बसलेल्याला उठवावं लागतं. सीटची पाठ मात्र ३० सेंमी उंच आहे, म्हणजे फिफाला चालेल एवढी. व्हीलचेअरचा उतार १:१२ हवा. ६० सेंमी चढाला ७.२ मीटर लांबी लागते. इथे ती निम्म्यात आटपली, मदतीशिवाय चढवत नाही.

दिवे मात्र उत्तम. वीज गेली की जुने मेटल हॅलाइड गार होऊन पुन्हा पेटायला दहाएक मिनिटं घेत. हे लगेच लागतात. रात्री मैदानावर चौकटी आखून लक्स (प्रकाशाचं माप) मोजले, मग दिव्यांचे कोन पक्के केले. जुन्या खांबांचे पायाचे बोल्टही तपासले, जे सहसा कुणी करत नाही.

मैदानाखालचा निचरा या कंत्राटात नव्हताच. पण खेळ शेवटी मैदानावरच अडतो, हे इंदूरकरांना सांगायला नको: २५ डिसेंबर १९९७ ला नेहरू स्टेडियमवरचा भारत-श्रीलंका सामना धोकादायक खेळपट्टीमुळे ३ षटकांतच थांबला, खुर्च्यांमुळे नव्हे.

दिव्यांपुरतं हे काम डोळे मिटून द्या. गॅलरीही द्यायची असेल, तर सीट लागण्याआधी प्रत्येक सांध्यावर पाइपने दोन तास पाणी सोडा, खाली गळती खुणावायला एक माणूस खडू घेऊन उभा करा, आणि बिलातले शेवटचे १० टक्के पहिला पावसाळा सरेपर्यंत हातचे राखा.