गिर्यारोहणाच्या जुन्या साहित्याचे दालन, अलिबाग

अलिबागजवळच्या एका घरगुती निवासातील हे दालन लहान असले, तरी प्रस्तरारोहणाचा इतिहास येथे जाणकारीने मांडला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नैसर्गिक तंतूंच्या दोरांची जागा नायलॉनने घेतली, हा बदल दोन्ही दोर हाताळूनच उमगतो. ठोकून डोके पसरलेल्या पिटॉनशेजारी (भेगेत हातोडीने ठोकायच्या धातूच्या खुंट्या) हाताने बसवायचे नट (भेगेत अडकवायचे धातूचे पाचरीसारखे तुकडे) ठेवले आहेत. पिटॉनमुळे कड्यांच्या भेगा झिजतात म्हणून अमेरिकन गिर्यारोहक इव्हॉन शुइनार्ड यांनी 1972 मध्ये नटांचा पुरस्कार केला, हेही फलकावर नेमके नोंदवले आहे. सह्याद्रीतील छायाचित्रांखाली मात्र सुळक्यांची नावे व सालेच नाहीत, ही उणीव अक्षम्य वाटते. शिवाय खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या कॅराबिनरना (दोर अडकवायच्या धातूच्या आकड्यांना) गंज चढतो आहे. त्यांना काचेचे कपाट तातडीने हवे.