टाके पडले, ऑपरेशन झालंच नाही

आमच्या बंड्याच्या पाठीवर दोन इंची चीर होती, टाके होते आणि बिलावर 'डिस्क सर्जरी, ८५,००० रुपये' होतं. ऑपरेशन तेवढं झालेलं नव्हतं.

बंड्या डॅशहुंड जातीचा कुत्रा. या जातीत, आणि बीगल, पेकिंगीजमध्येही, मणक्यातली गादी (डिस्क) तरुणपणीच कडक होते, मग फुटून मज्जारज्जूवर दाबते. त्याचे मागचे पाय एका रात्रीत गेले. कोथरूडजवळच्या एका क्लिनिकने (तक्रार चालू आहे, नाव लिहीत नाही) एक्स-रे काढला आणि म्हणाले, "आजच करू. एमआरआयच्या नादी लागलात तर कुत्रा हातचा जाईल, काका." उशीर महागात पडतो हे खरंच आहे, म्हणून तर ही भीती खपते. पण साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. दाब नेमका कुठे आणि कुठल्या बाजूला, ते एमआरआय किंवा सीटीवर कळतं.

नंतर आम्हाला बरणीत खडूसारखा पांढरा चुरा दाखवला. "ही बघा काढलेली गादी." तो कशाचा होता, देव जाणे.

पाय हलेनात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी चिमट्याने मागच्या पायाचं बोट घट्ट दाबलं. बंड्या केकाटला, मान वळवून चावायला आला. डॉक्टर खूश! नुसता पाय आखडून घेतला तर ते धरत नाहीत. कुत्र्याला दुखलेलं कळायला हवं. तसं कळत असेल तर ऑपरेशननंतर बहुतेक कुत्री चालतात, नसेल तर साधारण निम्मीच. पहिल्या ठिकाणी ही तपासणी कुणी केलीच नव्हती.

मग सीटी. गादी काढायला मणक्याच्या हाडाला एका बाजूने खिडकी पाडावी लागते आणि ती स्कॅनवर दिसते. बंड्याचं हाड अख्खं होतं. फुटलेली गादी जिथल्या तिथे.

पहिल्या क्लिनिकला जाब विचारला तर म्हणे, "आम्ही लेझरने केलं, हाड कापावं लागत नाही." लेझरचा उपाय आहे, पण तो सुईतून, पुढे गादी फुटू नये म्हणून करतात. फुटून बाहेर आलेला भाग त्याने निघत नाही. आणि सुईचं काम होतं तर चीर कशाला?

बंड्याचं खरं ऑपरेशन नंतर झालं, आता लटपटत का होईना चालतो. तुमच्यावर वेळ आली तर पैसे भरण्याआधी स्कॅन, सर्जनचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आणि भूल कोण देणार, हे विचारा. ऑपरेशनची लेखी नोंद त्याच दिवशी घ्या. आम्ही मागितली तेव्हा उत्तर आलं, "कॉम्प्युटर फॉरमॅट झाला."