फूल हवंय की पिल्लं? टाकीसाठी झाड निवडण्याआधी

माशांच्या टाकीतल्या झाडाला फूल आलं की माणूस हरखतो आणि लगेच विचारतो, "आता याची रोपं कधी मिळणार?" बऱ्याचदा कधीच नाही. पाण्यातल्या वनस्पतींचं फुलणं आणि पसरणं या पुष्कळदा दोन वेगळ्या वाटा असतात. काही झाडं नुसतीच फुलतात, काही एकही फूल न दाखवता टाकी भरून टाकतात. तेव्हा आपल्याला नक्की काय हवंय ते झाड आणण्याआधीच ठरवलेलं बरं.

दोन्ही हवं असेल तर माझ्या मते निवड दोघांतच करायची: ॲमेझॉन सोर्ड किंवा ॲपोनोजेटन.

सोर्डची गंमत अशी की त्याचा एकच दांडा दोन्ही कामं करतो. टाकीवरचा दिवा रोज १२ तास किंवा थोडा जास्त चालला आणि मुळांशी खाणं भरपूर असलं, की मोठ्या झाडाच्या मधून लांब दांडा निघतो. तो पाण्याबाहेर जाऊ दिला तर पेरापेरावर तीन पाकळ्यांची पांढरी फुलं येतात. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण कळ्या एकामागून एक उमलत राहतात. तोच दांडा वाकवून पाण्याखाली ठेवला, तर त्याच पेरांवर आधी इवली पानं आणि मग मुळं फुटतात, म्हणजेच पिल्लं, नवी रोपं, तयार होतात. बाहेर फुललेल्या दांड्यावरही मागाहून पिल्लं धरतात, पण कोरड्या हवेत ती सुकून जातात.

पिल्लं तोडायची घाई मात्र नको. पहिल्यांदा मी दोन-दोन पानांची पिल्लं उचलून वाळूत खोचली होती. तिनातलं एक जगलं. आता मी दांड्यावर छोटा दगड ठेवून पेर वाळूला टेकवतो आणि पिल्लू तिथेच रुजू देतो. चार-पाच पानं आणि ४-५ सेंटिमीटर मुळं झाली की मगच कात्री. तोवर आईचं खाणं दांड्यातून त्याला मिळतच असतं.

सोर्डचा खर्च जागेचा आणि खताचा. मोठ्या जाती सहज ४०-५० सेंटिमीटर उंच होतात आणि शेजारच्या झाडांचा उजेड अडवतात. हे झाड मुख्यतः मुळांतून खातं, म्हणून पाण्यात द्रवखत टाकून भागत नाही. मुळांजवळ खताच्या गोळ्या पुराव्या लागतात. नवी पानं पिवळट यायला लागली तर लोह कमी पडतंय का, ते आधी बघावं. आणि दांड्याच्या आशेने दिव्याचे तास एकदम वाढवू नयेत. नव्या टाकीत तसं केलंत तर फुलाआधी शेवाळ येईल. आठवड्याला अर्धा तास वाढवलात तर झाडं शेवाळाच्या मागे पडत नाहीत.

ॲपोनोजेटनचा स्वभाव वेगळा. हे कंदाचं झाड. फुलांच्या बाबतीत ॲपोनोजेटन क्रिस्पस सगळ्यात सोपा. कंद चांगला पोसलेला असेल तर त्याचा दांडा सरळ पृष्ठभागावर येतो आणि वर एक कणीस उभं राहतं. त्यासाठी मला दिव्याचे तास कधी वाढवावे लागले नाहीत. कणसावरची फुलं खालून वर उमलत जातात, म्हणून दोन-तीन दिवस रोज मऊ ब्रश कणसावरून हलकेच फिरवायचा. फळं धरली की आठवडे थांबायचं. पिकलेल्या बिया सुटल्यावर थोडा वेळ तरंगतात आणि मग बुडतात. नेमक्या याच वेळी फिल्टर त्या ओढून घेतो. माझा एक अख्खा हंगाम असा स्पंजात गेला. तेव्हापासून कणीस पिकायला आलं की मी त्याभोवती जाळीची पिशवी बांधतो. बिया वाळवून साठवण्याच्या भानगडीत पडू नका. ओल्याच उथळ पाण्यात पसरा.

आता दोघांतला महत्त्वाचा फरक. सोर्डचं पिल्लू म्हणजे आईचीच प्रत. लालसर ठिपक्यांची संकरित जात आवडली असेल, तर पिल्लांतून तोच रंग मिळतो, बियांतून त्याची खात्री नाही. ॲपोनोजेटनच्या बियांतून येणारं रोप मात्र स्वतंत्र, थोडं वेगळं निघू शकतं. कोणाला यातच मजा वाटते. शिवाय ॲपोनोजेटनच्या बऱ्याच जाती मधूनच पानं टाकून विश्रांती घेतात. कंद टणक असेल तर तो फेकू नका, परत फुटतो. पण टाकीचा तो कोपरा काही काळ रिकामा दिसणार, आणि ज्यांना ते खपत नाही त्यांनी सोर्डच घ्यावा. ॲपोनोजेटन अंड्युलेटस हा मधला मार्ग आहे: तो दांड्यावरच कंदासकट पिल्लं देतो.

नुसतं फूल पुरे असेल तर ॲनुबियास. त्याचं पांढऱ्या आवरणातलं फूल पाण्याखालीच येतं आणि बरेच दिवस टिकतं, झाकणबंद टाकीतसुद्धा. पण त्यातून बी धरेल ही आशा सोडा. नवीन रोप हवं तर आडवं खोड तीन-चार पानांचा तुकडा ठेवून कापायचं. ते खोड वाळूत पुरलं की कुजतं. वाढ इतकी संथ की झाड जिवंत आहे ना, अशी शंका येते.

नुसती रोपं हवी असतील तर व्हॅलिसनेरिया. वाळूवरून धावणारे फुटवे काढून तो काही महिन्यांत मागची भिंत झाकतो. याची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि एका झाडाच्या फुटव्यांतून आलेली सगळी एकाच लिंगाची. त्यामुळे मादीची गुंडाळीसारखी देठं वर आली, तरी बी बहुधा दिसत नाही. कुणाला त्याची गरजही पडत नाही.

टाकीला घट्ट झाकण असेल तर सोर्डची आणि ॲपोनोजेटनची फुलं विसरा. दांडा काचेला टेकतो, दिव्याने करपतो. उघडी टाकी ठेवायची तर पाणी लवकर आटतं आणि उड्या मारणारे मासे बाहेर पडतात, हेही हिशेबात धरा.

आणि जावा फर्न घेणार असाल तर तो नेचा आहे, त्याला फूल कधीच येणार नाही. त्याच्या जुन्या पानांखाली काळसर फुगवट्या दिसल्या की रोग समजून पान कापणारे मी बरेच पाहिलेत. ते पान राहू द्या. त्याच्या कडेलाच नवी रोपं फुटतात.